गाळातल्या कृमीचे नाव

सूत्रकृमींचा धडा शिकवताना आपण वर्गात जी उदाहरणे देतो ती बहुतेक सगळी त्रासदायक असतात. मुलांच्या पोटातले जंत, हत्तीरोगाला कारण होणारा कृमी, पायविहिरींच्या पाण्यातून माणसाच्या अंगात शिरणारा नारू. नारूचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर झाले. त्यामुळे आजच्या मुलांना तो केवळ पुस्तकातून माहीत आहे. शेतकऱ्यांच्या घरची मुले आणखी एक उदाहरण देतात. टोमॅटोचे किंवा डाळिंबाचे रोप खुरटते, पिवळे पडते. उपटून पाहावे तर मुळांवर गाठीच गाठी. तेही काम सूत्रकृमींचेच.

पण या संघातले असंख्य प्राणी कोणालाच त्रास देत नाहीत. ते समुद्रतळाच्या गाळात राहतात, जीवाणू, सूक्ष्म शैवाले किंवा एकमेकांना खातात, आणि स्वतः लहान मासे व कोळंबी यांच्या तोंडी पडतात. खाडीतल्या एक चौरस मीटर चिखलात दहा लाखांच्या घरात सूत्रकृमी असणे ही काही विशेष गोष्ट नाही. बहुतेकांची लांबी एक-दोन मिलिमीटर आणि जाडी केसाहूनही कमी असते.

शास्त्रीय नियतकालिकांत अधूनमधून ‘अमुक सागरी सूत्रकृमीची भारतीय किनाऱ्यावरून पहिली नोंद’ अशा शीर्षकाचे निबंध येतात. हे शीर्षक वाचल्यावर एक साधा प्रश्न मनात यायला हवा. हा कृमी इथे पहिल्यांदाच सापडला, हे कळते कसे? ‘नवी जात’ आणि ‘नवी नोंद’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नवी जात म्हणजे जगात कोणीच पूर्वी न वर्णिलेला प्राणी. नवी नोंद म्हणजे दुसरीकडे कोठेतरी वर्णिलेला, पण या ठिकाणी प्रथमच आढळलेला प्राणी. म्हणजे आधी कोणीतरी त्याचे असे वर्णन करून ठेवलेले असले पाहिजे, की शंभर वर्षांनी, हजारो किलोमीटर दूर बसलेल्या माणसाला ‘हा तोच’ असे म्हणता यावे. हे ‘हा तोच’ म्हणणे कसे शक्य झाले आणि ते कितपत भरवशाचे आहे, हे या लेखात आपण पाहणार आहोत.

शिरका, गहू आणि ‘व्हिब्रिओ’

स्वतंत्रपणे जगणारे सूत्रकृमी माणसाच्या नजरेस पडले ते समुद्रात नव्हे, तर स्वयंपाकघरात. शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) वळवळणारे बारीक ‘साप’ १६५६ साली पिएर बोरेल या फ्रेंच वैद्याने नोंदवले. १७४३ मध्ये नीडहॅम या इंग्रज अभ्यासकाने गव्हाच्या किडक्या दाण्यातला कोरडा पांढरा भुसा पाण्यात टाकला, तेव्हा ते तंतू हालचाल करू लागले. तेही सूत्रकृमीच होते.

त्या काळी या जीवांना वेगळे स्थान नव्हते. ओटो फ्रीडरिक म्यूलर या डॅनिश निसर्गअभ्यासकाचा सूक्ष्म जीवांवरचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाण्यात सळसळणारे लांबट जीव त्याने ‘व्हिब्रिओ’ या नावाखाली घातले, आणि शिरक्यातले कृमीही त्यांतच गेले. ‘व्हिब्रिओ’ हे नाव आज पटकीच्या जीवाणूला आहे. म्हणजे एकेकाळी जीवाणू आणि सूत्रकृमी एकाच टोपलीत होते! दोन्ही लांबट आणि वळवळणारे, एवढेच त्यांच्यातले साम्य. ओळख पटवण्यासाठी नुसता आकार पुरत नाही, हा या इतिहासातला पहिला धडा.

१८४५ साली फेलिक्स दुजार्दां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने यांतून सूत्रकृमींच्या अनेक प्रजाती वेगळ्या काढल्या. (इथे प्रजाती हा वरचा गट, आणि तिच्यात एक किंवा अनेक जाती, अशा अर्थाने आपण हे शब्द वापरत आहोत.) त्यांतील ‘एनोप्लस’ या सागरी प्रजातीच्या नावाचा अर्थ ‘सशस्त्र’ असा आहे, कारण तिच्या तोंडात जबडे असतात. आता आकाराऐवजी अवयवांकडे पाहणे सुरू झाले होते.

शंभर नव्या जाती, आणि शिंका

१८६५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेत हेन्री चार्ल्टन बास्टियन या तरुण इंग्रज डॉक्टरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात समुद्र, गोडे पाणी आणि माती यांतल्या तब्बल शंभर नव्या जातींची वर्णने होती. सागरी जातींपैकी अनेक त्याने इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या फालमथच्या किनाऱ्यावर गोळा केल्या होत्या. आज सागरी सूत्रकृमींचा अभ्यास करणाऱ्याला ज्या प्रजातींची नावे रोज घ्यावी लागतात त्यांतल्या कितीतरी बास्टियनने स्थापन केलेल्या आहेत.

पण बास्टियन या विषयात टिकला नाही. परजीवी जंतांचे विच्छेदन करताना त्याला शिंका, सर्दी आणि दम्यासारखा त्रास होऊ लागला, आणि पुढे इतका वाढला की त्याने कृमींचा नादच सोडला. अॅलर्जी हा शब्दही तेव्हा प्रचारात नव्हता. नंतर तो मज्जासंस्थेच्या रोगांचा तज्ज्ञ म्हणून नावाजला. निर्जीवातून सजीव आपोआप निर्माण होतात असे मानणाऱ्यांचा तो अखेरपर्यंत पुरस्कर्ता राहिला, आणि त्यावरून पाश्चर व टिंडल यांच्याशी त्याने मोठे वाद घातले.

बास्टियनच्या कामात एक उणीव होती. त्याची वर्णने त्या काळाच्या मानाने चांगली असली तरी त्याची चित्रे लहान, आणि आज महत्त्वाचे वाटणारे अनेक बारकावे त्यांत नाहीत. त्यामुळे त्याच्या काही जाती नेमक्या कोणत्या, हे आजचा अभ्यासक खात्रीने सांगू शकत नाही. नाव आहे, पण ‘हा तोच’ म्हणता येत नाही. असे नाव यादीत नुसते पडून राहते.

तीन साधी गुणोत्तरे

ही उणीव भरून काढण्याचे मोठे काम योहानेस द मान (१८५०–१९३०) या डच प्राणिशास्त्रज्ञाने केले. लायडनच्या संग्रहालयात काही वर्षे नोकरी केल्यावर त्याने ती सोडली. पुढे झीलंड प्रांतातल्या यर्सेके या कालवांसाठी प्रसिद्ध असलेल्या किनाऱ्यावरच्या गावी राहून त्याने आयुष्यभर स्वतःच्या घरी संशोधन केले. खेकडे आणि कोळंबी यांचाही तो मोठा जाणकार होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमसाठी जॉन अँडरसन यांनी ब्रह्मदेशाजवळच्या मर्गुई द्वीपसमूहात गोळा केलेली कवचधारी प्राण्यांची खोकी त्याच्याकडेच गेली होती, आणि त्यांवरचा त्याचा अहवाल १८८७–८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

सूत्रकृमींसाठी द मानने तीन गुणोत्तरे रूढ केली. आपल्या मुलांना पाचवी-सहावीच्या गणितात जमतील इतकी ती सोपी आहेत. शरीराची लांबी भागिले सर्वांत जास्त जाडी, हे पहिले. लांबी भागिले अन्ननलिकेची लांबी, हे दुसरे. लांबी भागिले शेपटीची लांबी, हे तिसरे. उदाहरणादाखल, कृमी १२०० मायक्रॉन लांब आणि ३० मायक्रॉन जाड आहे, त्याची अन्ननलिका १२० मायक्रॉन आणि शेपटी २०० मायक्रॉन आहे असे धरू. मग ही गुणोत्तरे ४०, १० आणि ६ येतील. अंगठा आणि ऊस दोन्ही लांबट खरे, पण लांबीला जाडीने भागले की दोघांतला फरक आकड्यात येतो, तसेच हे.

या आकड्यांमुळे एक गोष्ट साधली. चित्र पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते, आकडा तुलनेने कमी अवलंबून असतो. नेदरलँड्समध्ये मोजलेला कृमी आणि कलकत्त्यात मोजलेला कृमी आता शेजारी शेजारी ठेवता येऊ लागले. अर्थात आकड्यांनाही मर्यादा आहेत. पिल्लू वाढते तेव्हा सगळे अवयव सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून गुणोत्तरे पूर्ण वाढलेल्या प्राण्याचीच घ्यावी लागतात. आजही निव्वळ पिल्ले सापडली तर अभ्यासक जातीपर्यंत जात नाहीत, प्रजातीवर थांबतात.

द मानने १८८८ साली उत्तर समुद्रातल्या टेर्शेलिंग या बेटाच्या नावावरून ‘टेर्शेलिंगिया’ ही प्रजाती स्थापन केली. तिच्यातली ‘लाँगिकॉडाटा’ म्हणजे ‘लांब शेपटीची’ ही जात त्याने १९०७ साली झीलंडच्या किनाऱ्यावरच्या कृमींवरील निबंधात वर्णन केली. हे नाव लक्षात ठेवू. हा कृमी पुढे आपल्याला गोव्याजवळ भेटणार आहे.

कॉब आणि त्याची काचपट्टी

सूत्रकृमींच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचा दर्जा मागणारा माणूस म्हणजे अमेरिकेचा नेथन ऑगस्टस कॉब (१८५९–१९३२). जर्मनीतल्या येना येथे डॉक्टरेट, नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत काम, मग ऑस्ट्रेलियात पिकांच्या रोगांचा तज्ज्ञ, नंतर हवाईत उसावर संशोधन आणि शेवटी अमेरिकेच्या कृषी खात्यात, असा त्याचा प्रवास झाला. कृमींसाठी त्याने नुसते डोळे वापरले नाहीत, हातही वापरले. काचपट्टीऐवजी अॅल्युमिनियमची चौकट घेऊन तिच्यात दोन पातळ काचांच्या मधे कृमी बसवण्याची त्याची पद्धत अजूनही ‘कॉब काचपट्टी’ म्हणून ओळखली जाते. ती उलटी करून कृमीची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे पाहता येते.

अर्न्स्ट शॅकल्टनच्या १९०७–०९ च्या अंटार्क्टिक मोहिमेने आणलेले सागरी सूत्रकृमी कॉबकडे आले आणि त्यांवरचा त्याचा निबंध १९१४ साली निघाला. एकूण हजाराहून अधिक जातींची वर्णने त्याच्या नावावर आहेत. त्याच सुमारास सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या एका लेखात त्याने एक कल्पना मांडली, ती आजही जीवशास्त्राच्या पुस्तकांत सांगितली जाते. सूत्रकृमी सोडून जगातले बाकी सगळे नाहीसे झाले, तरी डोंगर, नद्या, समुद्र, झाडे, गावे यांच्या जागा कृमींच्या पातळ थरावरून ओळखता येतील, अशी ती कल्पना. अतिशयोक्ती थोडी असेल, पण या प्राण्यांच्या संख्येचा अंदाज द्यायला ती पुरेशी आहे.

चिलिका ते सुंदरबन

आपल्या भागातली सुरुवात बरीच जुनी आहे. ओडिशाच्या चिलिका सरोवराची प्राणिशास्त्रीय पाहणी इंडियन म्युझियमतर्फे नेल्सन अॅनंडेल यांच्या पुढाकाराने चालू होती. तिथल्या स्वतंत्र जगणाऱ्या सूत्रकृमींवर एफ. एच. स्ट्यूअर्ट यांचा अहवाल म्युझियमच्या नियतकालिकात १९१४ साली छापला गेला. हे स्ट्यूअर्ट इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर होते. पोटातल्या जंतांची पिल्ले आतड्यातून थेट मोठी होत नाहीत, ती रक्तावाटे फुप्फुसांत जाऊन येतात, हे आपण दहा वेळा फळ्यावर काढलेले जीवनचक्र आहे. त्यातला फुप्फुसांचा टप्पा स्ट्यूअर्ट यांनीच १९१६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवला.

त्यानंतर बंगालच्या उपसागरावर ठळक काम झाले ते ढाक्यात. रिचर्ड टिम (१९२३–२०२०) हे अमेरिकन कॅथॉलिक धर्मगुरू १९५२ साली ढाक्याच्या नोत्र दाम महाविद्यालयात विज्ञान शिकवायला आले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या सागरी सूत्रकृमींवरचा त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला होता. महाविद्यालयात शिकवता शिकवता त्यांनी १९६१ साली बंगालच्या उपसागरातल्या सागरी सूत्रकृमींवर आणि १९६७ साली सुंदरबनच्या खाड्यांतल्या कृमींवर निबंध प्रसिद्ध केले. ‘टिमिया’ ही प्रजाती त्यांच्याच नावाची आहे. नोव्हेंबर १९७० च्या भीषण चक्रीवादळानंतर ते मनपुरा बेटावर मदतकार्यासाठी गेले आणि त्यांचे आयुष्य वेगळ्या दिशेला वळले. लोकसेवेच्या कामाबद्दल १९८७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बांगलादेशात त्यांची आठवण काढतात ती माणसांसाठी केलेल्या कामाबद्दल. सूत्रकृमींचे अभ्यासक मात्र आजही त्यांचे १९६१ चे पान उघडतात.

बास्टियन आजाराने गेला, टिम माणसांच्या हाकेने गेले. कारणे वेगळी, पण परिणाम एकच. जगाच्या एकेका समुद्राची ओळख एकेका माणसाच्या हातात असते, आणि तो माणूस दुसरीकडे वळला की काम तिथेच थांबते.

तोंडावरून ओळख, आणि चित्रांच्या किल्ल्या

विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन बदल झाले. १९४२ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ येथील मॉली मेर यांनी गाळातल्या या मधल्या आकाराच्या प्राण्यांच्या समूहाला ‘मायोबेंथॉस’ असे नाव दिले. जीवाणूंपेक्षा मोठे, पण नेहमीच्या जाळीतून गळून जाणारे असे हे प्राणी आता स्वतंत्र विषय झाले. १९५३ साली वोल्फगांग वीझर या ऑस्ट्रियन अभ्यासकाने तोंडाच्या पोकळीवरून सूत्रकृमींचे चार आहारगट पाडले. तोंडाची पोकळी जवळजवळ नाहीच, ते जीवाणूंसारखे बारीक कण वेचणारे. पोकळी रुंद पण दात नाहीत, ते सरसकट गाळ गिळणारे. लहान दात असलेले शैवाले खरवडणारे. आणि मोठे दात किंवा जबडे असलेले शिकारी. चिमणीची आणि घारीची चोच पाहून मुले त्यांचा आहार ओळखतात, तोच हा प्रकार.

जगभर विखुरलेली वर्णने एकत्र करण्याचे काम जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन येथे झेबास्टियान गेरलाख आणि फ्रांत्स रीमान यांनी केले. त्यांची जलीय सूत्रकृमींची दोन भागांतली यादी १९७३–७४ मध्ये निघाली. गेरलाख यांनी त्याआधी मालदीवच्या सागरी सूत्रकृमींवरही काम केले होते. पुढे प्लॅट आणि वॉरविक या ब्रिटिश अभ्यासकांनी १९८३ पासून चित्रांच्या किल्ल्यांची पुस्तके काढली. लांबलचक लॅटिन वर्णने वाचण्याऐवजी चित्र पाहून पुढच्या चित्राकडे जायचे, अशी ही सोय. नव्या अभ्यासकांना या विषयात आणण्याचे श्रेय या पुस्तकांना द्यावे लागेल.

कृमीची ओळख पटवतात ती अशी

आता आपण प्रत्यक्ष कामाचा क्रम पाहू. समुद्रतळातून नळीने गाळाचा दंडगोल उचलला जातो आणि बहुधा फॉर्मॅलिनमध्ये टिकवला जातो. प्रयोगशाळेत तो दोन चाळण्यांतून धुतात. वरच्या चाळणीची भोके सुमारे अर्धा ते एक मिलिमीटरची, खालचीची साधारण ६३ मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक. खालच्या चाळणीवर राहते ते आपले काम. त्यात कृमींसोबत बारीक रेतीही असते. म्हणून ते सिलिकाच्या दाट द्रवात ढवळतात; रेती बुडते, कृमी तरंगतात. ‘रोझ बेंगॉल’ या गुलाबी रंगाने कृमी रंगवले की ते चटकन दिसतात.

मग बारीक सुईने एकेक कृमी उचलायचा. साधारणपणे एका नमुन्यातले शंभर-दोनशे कृमी घेतात. त्यांच्यातले पाणी हळूहळू काढून तिथे ग्लिसरीन भरतात. ही पद्धत साइनहोर्स्ट या डच अभ्यासकाने १९५९ साली सोपी करून दिली. त्यामुळे कृमी पारदर्शक होतो आणि वर्षानुवर्षे काचपट्टीवर टिकतो.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या खुणा ठरलेल्या आहेत. डोक्यावरचे केस किती आणि कोणत्या ओळीत. डोक्याच्या दोन बाजूंना असणारे ‘अँफिड’ हे ज्ञानेंद्रिय गोल आहे, मळसूत्री आहे की खिशासारखे. त्वचेवर रेघा की ठिपके. तोंडात दात आहेत का. शेपटी आखूड की तंतूसारखी. आणि नर असेल तर त्याच्या मागच्या टोकाजवळच्या वाकड्या काट्यांच्या जोडीचा आकार. यानंतर मोजमापे, मग चित्र. आणि मग जुनी वर्णने काढून त्यांच्याशी ताडून पाहणे. एका नमुन्यामागे कित्येक दिवस जातात.

तोच, पण तोच का?

आता द मानच्या लांब शेपटीच्या कृमीकडे वळू. टेर्शेलिंगिया लाँगिकॉडाटा हा सुमारे एक-दीड मिलिमीटरचा कृमी आहे. तोंडाची पोकळी नावापुरती, डोक्याच्या अगदी पुढे गोल अँफिड, अन्ननलिकेच्या शेवटी गोल फुगवटा आणि मागे तंतूसारखी शेपटी. प्राणवायू कमी असलेल्या चिखलात तो सुखाने राहतो. झीलंडनंतर तो अनेक देशांच्या किनाऱ्यांवरून नोंदवला गेला. गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे (स्थापना १९६६). तिथल्या अभ्यासकांनी भारताच्या मध्य-पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रतळातल्या सूत्रकृमींच्या वितरणावर २०११ साली निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच या जातीचा खास उल्लेख आहे.

इथे आपल्या प्रश्नाची खरी कसोटी लागते. झीलंडचा थंड समुद्र कुठे आणि आपला किनारा कुठे! ज्याला पोहता येत नाही, ज्याची पिल्ले पाण्यात तरंगत दूर जाण्यासाठी बनलेली नाहीत, तो एवढासा कृमी दोन्हीकडे कसा? दोन शक्यता आहेत. एक, तो खरोखरच जगभर पसरला आहे. दुसरी, ते कृमी वेगळे आहेत, पण आपल्या हाती असलेली चित्रांची किल्ली युरोपच्या किनाऱ्यावरून बनवलेली असल्यामुळे आपण त्यांना युरोपातल्या नावाच्या खणात ढकलतो. किल्लीत दहाच खण असतील, तर अकराव्या प्राण्यालाही कुठल्यातरी खणात जावे लागते.

या दोहोंतला निवाडा एकविसाव्या शतकात डीएनएच्या आधाराने होऊ लागला. २००५ साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यांवरचा एक कृमी तपासला. १८६५ साली बास्टियनने ‘मरीना’ असे नाव दिलेली ही जात. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या कृमींत डीएनएच्या दृष्टीने चार वेगळे गट निघाले. शंभराहून अधिक वर्षे ‘हा तोच’ म्हटले गेलेला कृमी एकच नव्हता, आणि तोही या विषयाच्या माहेरघरी!

टेर्शेलिंगियाची तपासणी पुण्यश्लोक भादुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केली. तिचे उत्तर दोन्ही बाजूंनी शिकवणारे आहे. दूरदूरच्या ठिकाणच्या काही कृमींचा डीएनए खरोखरच जुळला, म्हणजे ही जात व्यापक पसरलेली आहे. पण त्याच रूपाआड डीएनएने वेगळे असे कृमीही निघाले. म्हणजे द मानची गुणोत्तरे चुकीची नव्हती, अपुरी होती. आणि डीएनए आला म्हणून चित्र निरुपयोगी ठरत नाही, कारण डीएनएच्या ओळीला जे नाव चिकटवायचे ते चित्र पाहूनच ठरलेले असते.

एक अडचण मात्र मोठी आहे. गेल्या शतकातले बहुतेक नमुने फॉर्मॅलिनमध्ये आहेत, आणि फॉर्मॅलिन रूप राखते पण डीएनए खराब करते. मद्यार्कात डीएनए टिकतो, पण कृमी आकसतो. रूप आणि डीएनए दोन्ही राखणारे मिठाचे द्रावण २००६ साली सुचवले गेले, आणि आता अनेक मोहिमांत ते वापरले जाते. जुन्या बाटल्यांतले बहुतेक डीएनए मात्र परत मिळण्यासारखे नाही.

नावाविना हिशेब

हे सगळे केवळ संग्रहालयाच्या कपाटांसाठी आहे का? तसे नाही. ‘गवेषणी’ या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरचे पहिले धातुगोटे वर आणले. १९८७ साली भारताला मध्य हिंदी महासागरात असे गोटे शोधण्यासाठी क्षेत्र मिळाले; आज त्यांपैकी ७५ हजार चौरस किलोमीटर आपल्याकडे आहे. तिथली खोली पाच किलोमीटरहून अधिक आहे. गोटे काढले तर तळावरच्या जीवांचे काय होईल, हे पाहण्यासाठी १९९७ साली त्याच खोऱ्यात मुद्दाम गाळ ढवळून एक प्रयोग करण्यात आला, आणि गोव्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गाळातल्या सूक्ष्म प्राण्यांवर लक्ष ठेवले. खोल समुद्राच्या गाळात या आकाराच्या प्राण्यांत सूत्रकृमींचीच बहुसंख्या असते.

पॅसिफिक महासागरातला एक पुरावा इथे सांगायलाच हवा. १९७८ साली तिथे गोटे काढण्याच्या चाचणीत यंत्राने तळावर पट्टा खरवडला होता. २००४ साली, म्हणजे २६ वर्षांनी, शास्त्रज्ञ त्याच पट्ट्यावर परतले. त्यातल्या सूत्रकृमींची संख्या आणि विविधता शेजारच्या न खरवडलेल्या तळापेक्षा अजूनही कमी होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विविधतेबद्दल बोलता आले, कारण कोणीतरी कृमी एकेक करून वेगळे ओळखले होते. ‘सूत्रकृमी : इतके’ अशी एकच बेरीज लिहिली असती, तर कोण गेले आणि कोण उरले हे कळले नसते. वर्गातल्या पन्नास मुलांतली दहा गेली आणि नवी दहा आली, तरी हजेरीपटावर नावे नसतील तर बेरीज पन्नासच राहते.

आणि हजेरीपट तर बराच कोरा आहे. आजवर नाव मिळालेल्या स्वतंत्र जगणाऱ्या सागरी सूत्रकृमींच्या जाती सात हजारांच्या आसपास भरतात. प्रत्यक्षात किती असतील, याचे अंदाज एकमेकांपासून फार दूर आहेत. १९९३ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले जॉन लॅम्ब्सहेड यांनी दहा कोटींचा आकडा सुचवला होता. दहा वर्षांनी त्यांनीच एका सहकाऱ्यासह या आकड्याची फेरतपासणी करून तो फुगलेला असल्याचे लिहिले. आपलाच गाजलेला आकडा मागे घेणे सोपे नसते. पुढचे बरेच अंदाज हजारांत आले, तरी नाव न मिळालेल्या जाती नाव मिळालेल्यांपेक्षा कित्येक पट आहेत, याबद्दल फारसे दुमत नाही.

वर्गात करता येईल असे

सूत्रकृमी पाहायला समुद्रच हवा असे नाही. गुस्ताव बेअरमान यांनी १९१७ साली मातीतले कृमी वेगळे करण्याची जी युक्ती काढली, ती शाळेत सहज होते. नरसाळ्याच्या नळीला रबरी नळीचा तुकडा जोडून तो चिमट्याने बंद करा. नरसाळ्यात पाणी भरा. झाडाच्या मुळाजवळची मूठभर ओलसर माती मलमलीत सैल बांधून पाण्यात अर्धी बुडेल अशी ठेवा. कृमी मातीतून पाण्यात उतरतात आणि तळाशी जमतात. दुसऱ्या दिवशी चिमटा सैल करून थोडे पाणी घड्याळ-काचेत घ्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या कमी भिंगाखाली पाहा. कोकणातल्या शाळांना ओली वाळू समुद्राच्याच पाण्यात हलवून, वाळू बसल्याबरोबर वरचे पाणी दाट कापडातून गाळून घेता येईल. काम झाल्यावर हात साबणाने धुवायला लावावेत.

मुलांना एक गोष्ट मुद्दाम दाखवा. गांडूळ लांब होते, आखूड होते; सूत्रकृमी तसे करत नाही, तो नुसता इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळवळतो. कारण त्याच्या अंगात उभे स्नायू आहेत, आडवे वलयाकार स्नायू नाहीत.

मग वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने तीन वेगळे दिसणारे कृमी निवडून त्यांची चित्रे काढावीत आणि अंदाजाने लांबीला जाडीने भागून आकडा लिहावा. दुसऱ्या गटाने पहिल्याशी न बोलता, केवळ त्या कागदावरून, त्याच बशीत ते तिन्ही कृमी शोधावेत. आम्ही हा खेळ करून पाहिला आहे. पहिल्या खेपेला बहुधा एकही कृमी सापडत नाही, आणि मग मुले आपणहून विचारतात की शेपटी का नाही काढली, डोके कुठले ते का नाही लिहिले. दुसऱ्या खेपेची चित्रे पाहण्यासारखी असतात.